गाडी भरून जाते, तरी फेरी बंद का होते?

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगड, कुठल्याही डोंगराकडच्या गावात जाऊन पारावर बसलेल्यांना एसटीचं विचारा, तक्रार एकच ऐकू येते. सकाळची गाडी खच्चून भरून जाते, पोरं दारात उभी असतात, आणि आगारात गेलं की साहेब म्हणतात तुमच्या फेरीला भारमानच नाही. गावाला वाटतं हे धडधडीत खोटं आहे. आगारातल्या माणसाला वाटतं गाव नुसतं आरडाओरडा करतं. आणि गंमत नाही, खरंच दोघांचंही बरोबर असतं. हे कसं काय ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ते समजल्याशिवाय आपण गाडीसाठी जे भांडतो ते चुकीच्या जागी भांडतो असं मला मनापासून वाटतं.

भारमान म्हणजे ढोबळमानानं असं, की गाडीतल्या जेवढ्या सीटा जेवढे किलोमीटर फिरल्या त्यातल्या किती भरलेल्या होत्या. एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी धरलेत. गावापासून तालुक्याचं ठिकाण ३६ किलोमीटर, गाडीत ४० सीटा. म्हणजे एका बाजूच्या फेरीत १४४० सीट-किलोमीटर झाले. सकाळी गावातून १० माणसं बसली, ती शेवटपर्यंत गेली, ३६० झाले. मधल्या गावात कोण चढत नाही, आणि तालुका ९ किलोमीटरवर आला की हायस्कूल कॉलेजची ४० पोरं चढली, त्यांचे आणखी ३६०. एकूण ७२०. म्हणजे तालुक्याच्या स्टँडवर ५० माणसं घेऊन, दहाजण उभे, अशी तुंबलेली गाडी लागली आणि कागदावर भारमान आलं फक्त ५० टक्के. आता तीच गाडी साडेदहाला परत गावाकडं निघणार. त्यावेळी गावाकडं कोण जातंय? दवाखान्याचं काम आटपलेली एखादी म्हातारी, बँकेत आलेले दोघं, अशी सहा माणसं धरा, २१६ झाले, १५ टक्के. जाऊन येऊन मिळून ३२ टक्क्यांच्या आसपास. गावानं बघितली ती सकाळची तुंबलेली गाडी, आगारानं बघितला तो ३२ चा आकडा.

खेड्यातल्या बसची मूळ अडचण हीच आहे बघा. माणसं सगळी एकाच वेळी एकाच दिशेला जाणार, सकाळी तालुक्याकडं आणि संध्याकाळी गावाकडं, आणि उलट्या दिशेला गाडी रिकामी पळणार. शहरात तसं नसतं, तिथं दोन्ही बाजूंनी दिवसभर माणूस चढत उतरत असतो, एका सीटवर एका फेरीत चारजण बसून जातात आणि चौघांचं तिकीट मिळतं.

आता पैशाकडं येऊ. एसटीचं तिकीट टप्प्यावर असतं, एक टप्पा ६ किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, त्यानंतर साध्या गाडीला टप्प्याला साधारण दहा रुपये पडतात. म्हणजे आपल्या ३६ किलोमीटरच्या गावाला साठेक रुपये तिकीट. गाडी डिझेल खाते लिटरला चार-साडेचार किलोमीटर, घाट असला तर त्याहून कमी, म्हणजे एका बाजूला आठ लिटर तरी गेलं, नव्वदच्या भावानं ७२० रुपये. नुसतं डिझेल निघायला शेवटपर्यंत जाणारे पूर्ण तिकिटाचे १२ जण लागतात. त्यानंतर ड्रायव्हर कंडक्टरचा पगार, टायर, वर्कशॉप, स्टँडचा खर्च, हे सगळं वेगळंच. परतीच्या फेरीत सहा माणसं असली तर डिझेलसुद्धा अर्धंच निघतं.

इथं कोणीतरी लगेच म्हणतं की सवलतींनी एसटी बुडाली. मला हे पटत नाही. ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास मोफत आहे. पण हा सवलतीचा पैसा एसटीनं सोसायचा नसतो, सरकारनं तो महामंडळाला भरून द्यायचा असतो. अर्ध्या तिकिटानं तर उलट गाड्यांना माणूस वाढला, माहेराला जाणं, दवाखाना, बाजार, ज्या बायका आधी वीस रुपयांचा विचार करून घरात बसायच्या त्या बाहेर पडल्या. अडचण येते ती पैसे वेळेवर न आल्यावर. डिझेलवाल्याला आज द्यायचे असतात, पगार महिन्याला द्यायचा असतो, आणि सवलतीची रक्कम मागून येते, मग मधल्या काळात जे पुढं ढकलता येतं ते ढकललं जातं, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती आणि नवीन गाड्यांची खरेदी. जुन्या गाड्या तशाच पळत राहतात आणि घाटात बंद पडतात.

मग तोट्यातली फेरी आजवर चालली कशी? तर ज्या फेऱ्या कमावतात त्यांच्या पैशातून. कोल्हापूर-पुणे, कोल्हापूर-मुंबई, सांगली, इचलकरंजी असल्या गाड्यांवर जे मिळायचं ते गगनबावड्याकडच्या नाहीतर चंदगडकडच्या वाडीला पुरायचं. एकत्र कुटुंबात जसं एका भावाच्या नोकरीवर दुसऱ्याची कोरडवाहू शेती चालते तसंच. पण कमावत्या रस्त्यांवर प्रायव्हेट ट्रॅव्हल्स आल्या, लोकांच्या स्वतःच्या गाड्या आल्या. ट्रॅव्हल्सवाल्यानं पुणे-मुंबईचा रस्ता घेतला, पण धनगरवाड्याचा नाही घेतला, आणि तो घेणारही नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही घे म्हणून. तोट्याच्या फेऱ्या तेवढ्या एसटीकडं राहिल्या आणि त्यांना पोसणारी कमाई कमी होत गेली.

हेच खाली गावपातळीवर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप, करतं. वडापवाल्यांवर माझा राग नाही, कित्येक गावात आज वडाप आहे म्हणून माणूस हलतोय, आणि चालवणारी पोरं आपल्याच गावची आहेत, कर्ज काढून गाडी घेतलेली. पण त्याचं गणित बघा. एसटीच्या वेळेआधी पाच-दहा मिनिटं वडाप येतं, पूर्ण तिकीट देणारा नोकरदार, कारखान्यातला कामगार, बाजारकरी तेवढा उचलतं आणि निघतं. एसटीला मागं राहतात पासवाली पोरं आणि म्हातारी माणसं. वडाप भरल्याशिवाय निघत नाही, दुपारी रिकामं पळत नाही, पास चालत नाही, रात्री आठनंतर मिळेलच असं नाही, आणि शेवटच्या वाडीला चारच माणसं असली तर आधीच्या फाट्यावरच उतरवतं. एसटीला यातलं काहीच करता येत नाही, तिला वेळेला निघायचंच असतं, माणूस असो नसो.

इथपर्यंत जे सांगितलं ते तोट्याचं. पण माझं म्हणणं असं आहे की गावाची गाडी तोट्यानं बंद पडत नाही, ती आधी बेभरवशाची होते आणि मग बंद पडते.

आगारात सकाळी काय होतं ते बघा. समजा पन्नास गाड्यांची शेड्यूल लागलीत आणि त्यादिवशी चार गाड्या वर्कशॉपमध्ये आहेत, दोन ड्रायव्हर आजारी. कुठली तरी फेरी रद्द करावीच लागणार. वाहतूक नियंत्रकापुढं दोन पर्याय असतात, पुण्याची गाडी जिचं रिझर्वेशन झालंय, प्रवासी मोबाईलवर तिकीट दाखवत स्टँडवर उभे आहेत, रद्द केली तर लगेच पैसे परत आणि बोंबाबोंब, किंवा वाडीची गाडी जिचं रिझर्वेशन नाही, जिची वाट बघणारी माणसं तीस किलोमीटर लांब फाट्यावर उभी आहेत आणि त्यांचा आवाज स्टँडपर्यंत येत नाही. कुणीही त्या खुर्चीत बसला तरी वाडीचीच रद्द करेल. त्यात त्या माणसाचा दुष्टपणा नाही, पण रोज जिथं कमी पडतं तिथं रोज वाडीच जाते.

आणि कमी पडायला कारणं वर्षभर असतात. आषाढीला गाड्या पंढरपूरला, चैत्रात जोतिबाला, गणपतीला चाकरमान्यांसाठी मुंबईकडं, निवडणूक लागली की मतदान केंद्रांची ड्युटी, डिसेंबरात शाळांच्या सहली. हे सगळं करायलाच पाहिजे, वारकऱ्याला गाडी नको असं कोण म्हणेल. पण त्या गाड्या आकाशातून येत नाहीत, त्या कुठल्यातरी गावाच्या शेड्यूलमधनं काढलेल्या असतात. शिवाय एकच गाडी दिवसभरात तीन-चार गावं करत असते, पहिल्या गावाला ब्रेकडाऊन झाला किंवा ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर पलटी होऊन तास गेला, की दुपारच्या दोन गावांच्या फेऱ्या आपोआप गेल्या. त्या दुपारच्या गावाला कारण कधीच कळत नाही, त्यांना फक्त गाडी आली नाही एवढंच कळतं.

आता माणसाच्या बाजूनं विचार करा. मुलगी अकरावीला, कॉलेज सुटतं पाचला, गाडी साडेपाचला. महिन्यातनं चार-पाचदा साडेपाचची येत नाही. बाकीचे पंचवीस दिवस आली तरी उपयोग काय, कारण आज येणार का नाही हे सकाळी घरातून निघताना माहीत नाही. आईबाप काय करतात, एकतर भावाला फटफटी घेऊन देतात, नाहीतर पोरीला तालुक्यात खोली करून ठेवतात, आणि दोन्ही जमलं नाही तर शाळा बंद. कामगाराचंही तसंच, गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला दोनदा उशीर झाला की तो हप्त्यावर गाडी घेतो आणि एकदा गाडी घेतली की तो एसटीला परत येत नाही. म्हणजे महिन्यात चार फेऱ्या रद्द झाल्या तर चार फेऱ्यांचं नुकसान होत नाही, कायमची माणसं जातात. मग भारमान खाली, मग कागदावर फेरी तोट्यात, मग बंद. कागदावर लिहिलेलं असतं प्रवासी प्रतिसाद नाही. प्रतिसाद होता, तो फेऱ्या रद्द करूनच घालवला.

याची मोठी आवृत्ती सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. मार्च २०२० ला लॉकडाऊन, त्यानंतर २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत विलीनीकरणाचा, म्हणजे एसटी सरकारात सामील करून घ्या या मागणीचा संप. कर्मचाऱ्यांचे पगार आणि त्यांचे हाल बघितले तर त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण तेवढ्या महिन्यांत लोकांनी आपापली सोय केली, आणि नंतर गाड्या सुरू झाल्या तेव्हा पहिली पाळी शहरांची आणि लांब पल्ल्याची आली, काही गावांच्या बंद झालेल्या फेऱ्या तशाच राहिल्या.

कोल्हापूरला आणखी एक गोष्ट आहे ती म्हणजे पाऊस आणि बंधारे. आपल्याकडं नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पाणी अडवायचे, आणि त्यांच्यावरनंच गावांची वाहतूक. जुलैत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावतीला पाणी आलं, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की त्याच्या कितीतरी आधी हे छोटे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. समोरच्या काठावर शाळा दिसते, मधी पाणी, आणि गाडीला मोठ्या पुलावरून वळसा. जिथं तीन किलोमीटर जायचं तिथं वीस-पंचवीस होतात, एवढ्या वेळात गाडीची पुढची फेरी निघायची असते. गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, किरवे, लोंघे इथं पाणी आलं की तिकडचा तालुकाच तुटतो, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत तर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. अशावेळी काही लोक ड्रायव्हरला म्हणतात, "मामा, घाला की गाडी, गुडघाभर तर पाणी हाय." ड्रायव्हर घालत नाही आणि त्यानं घालूच नये. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल रात्री वाहून गेला तेव्हा दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे का नाही हे वरून कुणालाच दिसत नाही.

हे झालं न येणाऱ्या गाडीचं. चांगली चालणारी गाडी कशी असते तेही बघा, म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री साडेआठ-नऊला शेवटची माणसं घेऊन गावात येते, देवळापुढं नाहीतर ग्रामपंचायतीसमोर थांबते, सकाळी सहाला पहिली माणसं घेऊन निघते. यात रिकामं पळणं जवळजवळ नाहीच. मुक्काम काढून टाकला की तीच गाडी रात्री आगाराला मोकळी परत जाणार आणि पहाटे पाचला परत मोकळी येणार, छत्तीस आणि छत्तीस बहात्तर किलोमीटरचं डिझेल फुकट. डोंगराकडच्या गावाला मुक्कामी गाडी म्हणजे सगळ्यात स्वस्त फेरी आहे आणि सगळ्यात भरवशाचीही, कारण सकाळची गाडी रात्रीच दारात उभी असते. कंडक्टरला माणसं नावानिशी माहीत असतात, सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जाणारा पेशंट असला तर घरातनं कुणीतरी रात्रीच सांगून जातं, "मास्तर, सकाळी म्हातारीला घ्यायचं हाय, जरा थांबा," आणि मास्तर डबल बेल द्यायच्या आधी एकदा गल्लीकडं बघतो.

मग मुक्काम बंद का होतात? बऱ्याच ठिकाणी कारण अगदी साधं असतं, ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला जागा नाही. गळकी खोली, लाईट नाही, संडास नाही, सकाळी तोंड धुवायला पाणी नाही. दिवसभर घाटातनं गाडी मारलेला माणूस सीटवर पाय दुमडून डासात झोपतो आणि सकाळी सहाला चाळीस माणसांचा जीव हातात घेऊन निघतो. कायद्यानं त्याची ड्युटी आठ तासांची, विश्रांती धरून पसारा बारा तासांचा. महिला कंडक्टर आहेत त्यांना तर अशा गावाला मुक्काम लावताच येत नाही. इथं आगारापेक्षा गावाची जबाबदारी जास्त आहे असं मी स्पष्ट म्हणेन, एक कोरडी खोली, दार लागणारा संडास आणि एक बादली पाणी, ग्रामपंचायतीला हे जड नाही.

छोटी गाडी का देत नाहीत हा प्रश्न नेहमी येतो. दुपारच्या सहा माणसांना छोटी गाडी बरोबर आहे, पण सकाळच्या पन्नास जणांना ती पुरत नाही, आणि दुपारसाठी वेगळी गाडी ठेवायची तर एका गावाला दोन गाड्या झाल्या. डिझेल थोडं वाचतं, ड्रायव्हर-कंडक्टर तेवढेच लागतात. विनावाहक करा म्हणाल तर इचलकरंजीसारख्या मधे न थांबणाऱ्या गाडीला ते जमतं, तिकीट स्टँडवरच फाडता येतं. इथं दर फाट्यावर हात दाखवला की थांबायचं असतं. आणि इलेक्ट्रिक गाडी आली तर डिझेलचा खर्च जाईल, पण ती चार्ज आगारात होणार, मग रात्री गावात मुक्काम कसा करणार, हा विचार आत्तापासून झाला पाहिजे.

केएमटीचंही, म्हणजे कोल्हापूर शहराच्या बससेवेचंही थोडं सांगतो. शहराजवळच्या खेड्यांना केएमटी जाते, ती महापालिकेची, म्हणजे तोटा झाला तर शहरातल्या करातून भरायचा. म्हणूनच हद्दवाढीचा, म्हणजे ही खेडी शहराच्या हद्दीत घ्यायची का नाही याचा वाद पेटला की खेड्यांची केएमटी बंद करा अशी मागणी पुढं येते. पण त्या गाडीनं येणारा माणूस शहरातल्याच दुकानात काम करतो, शहरातच बाजार करतो, हे त्या हिशोबात कुठं दिसत नाही.

सगळ्याच्या मुळाशी एक जुना पेच आहे. १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे पहिली एसटी धावली, त्यानंतर १९५० ला रस्ते वाहतूक महामंडळांचा केंद्राचा कायदा आला. त्या कायद्याचं कलम १८ सांगतं की महामंडळानं लोकांना पुरेशी, चांगली, परवडणारी सेवा द्यायची. आणि कलम २२ सांगतं की कारभार धंद्याच्या तत्त्वावर करायचा. पुण्याच्या गाडीला ही दोन्ही कलमं एकत्र लागू होतात, वाडीच्या गाडीला होत नाहीत. धंदा बघितला तर वाडीला जायचं नाही, आणि सेवा बघितली तर धंदा होत नाही. हा निर्णय सरकारनं घ्यायचा आहे, आणि तो न घेता आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर ढकललाय, त्याच्याकडं भारमानही मागायचं आणि गावाची ओरडही त्यानंच ऐकायची. माझ्या मते गावाच्या फेऱ्या वेगळ्या काढल्या पाहिजेत, त्या चालवायला किलोमीटरला इतके पैसे असं सरकारनं महामंडळाला ठरवून, वेळेवर दिलं पाहिजे, आणि त्या बदल्यात भारमान न विचारता एकच गोष्ट विचारली पाहिजे, महिन्यात ठरलेल्यातल्या किती फेऱ्या ठरलेल्या वेळेला झाल्या. गावाच्या रस्त्याला डांबर घालताना कुणी विचारत नाही की या रस्त्यानं किती कमावलं, मग त्याच रस्त्यावरच्या गाडीला का विचारायचं?

हे वरून होईल तेव्हा होईल. तोवर गावानं मागताना एवढं बघावं. जादा फेऱ्या मागू नका, आहे त्या फेऱ्यांची खात्री मागा, सहा बेभरवशाच्या फेऱ्यांपेक्षा शाळेच्या वेळेच्या तीन पक्क्या बऱ्या. गाडी आली नाही त्या तारखा वहीत लिहून ठेवा, शाळेतला कुणी गुरुजी किंवा फाट्यावरचा दुकानदार हे सहज करू शकतो, कारण "गाडी कधीच येत नाही" या वाक्याला आगारात कुणी विचारत नाही पण तारखांच्या यादीला उत्तर द्यावं लागतं. कुठल्या थांब्यावर किती पोरं चढतात ते शाळेकडून लिहून घ्या, त्यावर ग्रामपंचायतीचा ठराव करा, एकाच रस्त्यावरची चार-पाच गावं मिळून करा, आणि आगार व्यवस्थापकांबरोबर विभाग नियंत्रकांनाही प्रत द्या. फेरी रद्द होणारच असेल तर निदान सकाळी एक मेसेज सरपंचाला नाहीतर शाळेला करा एवढं तरी लेखी मागून घ्या, याला एक पैसा लागत नाही. आणि हे सगळं मे महिन्यातच करा, जूनमध्ये शाळा उघडल्यावर सगळी गावं एकदम आगारात येतात आणि तोपर्यंत गाड्यांची शेड्यूल लागलेली असतात.